पेण-रोह्याचा हिवाळा कुणाचा?

डिसेंबर लागला की इन्स्टाग्रामवर एका ठरावीक प्रकारची रील्स फिरू लागतात. पायात लोकरी मोजे, खिडकीबाहेर बर्फ, हातात वाफाळता मग आणि खाली सल्ला: हिवाळा हा थांबण्याचा ऋतू आहे, झाडंही थांबतात, तुम्हीही थांबा. बघायला छान वाटतं. पण पेण स्टेशनवर पहाटेच्या गाडीसाठी उभ्या असलेल्या मुलीनं, किंवा धाटावच्या एमआयडीसीतून रात्रपाळी करून घरी निघालेल्या मुलानं या सल्ल्याचं करायचं काय? इथे बर्फ पडत नाही. स्वेटर महिना-दीड महिना कपाटाबाहेर असतो, तोही सकाळपुरता. दुपारी बारा वाजता ऊन पुन्हा घाम काढतं.

मग आपल्याकडे हिवाळ्यातला विसावा अशी काही गोष्ट होती का? होती. पेण आणि रोहा या रायगडातल्या दोन तालुक्यांत तिचा चांगला जुना इतिहास आहे. फक्त तो उबदार पांघरुणाचा इतिहास नाही. तो भाताच्या खळ्याचा, वालाच्या शेंगांचा, सावकाराच्या वहीचा आणि ऐन थंडीत भरलेल्या शेतकरी परिषदांचा इतिहास आहे. इथे थंडीतली सवड निसर्गानं दिली, पण ती कष्ट करणाऱ्यांच्या हाती लागायला संप करावे लागले, कायदे व्हावे लागले. आणि काही जणांच्या हाती ती आजही लागलेली नाही.

पावसानं आखलेलं वर्ष

युरोपातल्या डोंगराळ भागांत थंडी माणसाला घरात कोंडते. जमीन गोठते, रस्ते बंद होतात, म्हणून काम थांबतं. कोकणात याच्या उलट आहे. इथे माणसाला कोंडणारा ऋतू पावसाळा. पेण-रोह्याकडे वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. पण गंमत अशी की हेच चार महिने सगळ्यात जास्त कामाचे. जूनमध्ये पेरणी, जुलैत चिखलणी आणि लावणी, मग बेणणी, ऑक्टोबर-नोव्हेंबरात कापणी. गुडघाभर चिखलात, पाठीवर इरलं घेऊन, सलग पाच महिने. घरातलं जुनं धान्य नेमकं याच दिवसांत संपत आलेलं असायचं, त्यामुळे सगळ्यात जास्त कष्ट आणि सगळ्यात कमी अन्न हे दोन्ही एकाच वेळी यायचं.

भात कापून झालं, भारे खळ्यावर आले, झोडणी झाली, पेंढ्याच्या उडव्या रचल्या गेल्या की वर्ष एकदम उलटं फिरायचं. आभाळ मोकळं, वाटा कोरड्या, घरात नवे तांदूळ. थंडी इथे माणसाला घराबाहेर काढते. आपल्या हिवाळ्यातल्या विसाव्याचं रूप त्यामुळेच वेगळं आहे. तो एकट्यानं दार लावून घेण्याचा विसावा नाही. तो अंगणात, शेतात, वाटेवर, चारचौघांत घ्यायचा विसावा आहे.

आणि विसावा म्हणजे काम बंद, असंही कधी नव्हतं. भात निघाल्यावर जमिनीत उरलेल्या ओलीवर वाल पेरायचा. पाऊस नाही, पाट नाही, जमिनीतली ओल आणि पहाटेचं दव एवढ्यावर वाल येतो. खाडीकाठच्या खारेपाटात समुद्राचं पाणी शेतात शिरू नये म्हणून घातलेले मातीचे बांध कोरड्या दिवसांतच दुरुस्त करता येतात. त्यासाठी पेण-अलिबागच्या खारेपाटात ‘जोळ’ नावाची पद्धत होती. गावातल्या प्रत्येक घरानं माणूस द्यायचा आणि सगळ्यांनी मिळून बांध घालायचा. डोंगराकडच्या गावांत याच दिवसांत राबाची तयारी सुरू व्हायची. झाडांच्या फांद्या, पालापाचोळा, गवत, शेण यांचे थर रोपाच्या जागेवर पसरून पावसाआधी जाळायचे म्हणजे राब. ब्रिटिशांच्या जंगल खात्यानं फांद्या तोडण्यावर बंधनं आणली, तेव्हा ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत इतकी ओरड झाली की सरकारला १८८५ मध्ये मुंबई वन आयोग नेमावा लागला. दोन वर्षं त्याचं काम चाललं. (आजच्या रायगड जिल्ह्याचं नाव १९८१ पर्यंत कुलाबा होतं.)

म्हणजे काम होतंच. फरक होता तो वेगाचा. लावणी एक आठवडा लांबली तर वर्ष हातातून जातं. बांध आज नाही तर उद्या घातला, मोळी सकाळी नाही तर दुपारी आणली, तरी चालतं. पावसाळ्यात काम माणसाला पळवतं. थंडीत माणूस कामाला आपल्या चालीनं चालवतो. जुन्या शेतकऱ्याच्या विसाव्याचा खरा अर्थ हा होता.

मडक्यात मावणारा ऋतू

या सवडीचं सगळ्यात ओळखीचं रूप म्हणजे पोपटी. आता ती यूट्यूबवर पोहोचली आहे, त्यामुळे कृती बहुतेकांना ठाऊक असेल. तरी एकदा तिच्या सामानाकडे इतिहासाच्या नजरेनं बघा. गावठी वालाच्या शेंगा, त्या भातानंतरच्या शेतातून. मडक्याच्या तळाला आणि तोंडाला लावायचा भांबुर्ड्याचा पाला, तो त्याच कापलेल्या शेतात किंवा बांधावर थंडीत आपोआप उगवतो. जाडं मीठ, ते खाडीकाठच्या मिठागरातून. जाळायला पेंढा, वाळका पाला, गोवऱ्या. मडकं कुंभाराकडून. बरोबर कांदे, बटाटे, रताळी, जमलं तर अंडी किंवा मसाला लावलेली कोंबडी, आणि ओवा. पाणी नाही, तेल नाही. मडकं उपडं ठेवून भोवती आग लावायची. अर्ध्या-पाऊण तासानं मडक्यावर पाणी शिंपडायचं. चर्र होऊन ते क्षणात उडालं की पोपटी झाली.

यातली बहुतेक प्रत्येक वस्तू पैसे न मोजता मिळणारी होती आणि ती सगळी एकत्र मिळते ती साधारण डिसेंबर ते फेब्रुवारी याच काळात. स्वयंपाकघर नको, भांडी नकोत, बायकांनी चुलीपुढे बसायला नको. अर्धा-पाऊण तास नुसतं आगीभोवती बसून राहणं हाच त्या पदार्थाचा मोठा भाग. दक्षिण गुजरातेत वलसाडकडे उंबाडियुं करतात, तेही थंडीतच, मडकं उपडं घालून, पालेभारानं तोंड बंद करून. म्हणजे भात आणि वाल पिकवणाऱ्या या किनारपट्टीला थंडीची ही रीत एकाच प्रकारे सुचलेली दिसते.

पोपटीशिवाय यात्रा होत्या. पेणला लागून असलेल्या खालापूर तालुक्यात साजगावला कार्तिकी एकादशीपासून बोंबल्या विठोबाची यात्रा भरते. विठोबाच्या यात्रेत सुकी मासळी विकली जाते, म्हणून हे नाव. पावसाळ्यानंतर घाटावरची आणि किनाऱ्यावरची माणसं भेटण्याची, देवाणघेवाणीची ती जागा. मार्गशीर्षात दत्तजयंतीला चौल-भोवाळ्याची यात्रा. मग येतो पौष. लग्नकार्यं पौषात होत नाहीत, त्यामुळे त्याला ‘भाकड’ महिना म्हणायची रीत आहे. भाकड म्हणजे दूध न देणारी गाय. शब्द जरा हिणवणारा आहे, पण गोष्ट शहाणपणाची आहे. गाय वर्षभर दूध देत नाही, हे मान्य करणाऱ्या समाजानं वर्षातला एक महिनाही तसाच सोडला होता.

इथपर्यंत गोष्ट गोड आहे. बऱ्याच आठवणींच्या लेखांत ती इथेच संपते. पण इतिहासात ती इथे संपत नाही.

खळ्यावर उभा असलेला माणूस

थंडीत घरात नवे तांदूळ आले, असं वर म्हटलं. किती आले, हा खरा प्रश्न. कुलाबा जिल्ह्याच्या मोठ्या भागात खोती होती. खोत म्हणजे गावाचा महसूल सरकारात भरणारा मध्यस्थ, पण प्रत्यक्षात तो गावाचा धनीच झाला होता. जमीन कसायची कुळानं आणि झोडणी झाली की खळ्यावरूनच खोताचा वाटा उचलला जायचा. त्यानंतर यायची खावटीची परतफेड. पावसाळ्यात घरात दाणा नसताना खोताकडून किंवा सावकाराकडून घेतलेलं भात थंडीत सवाईनं, दिढीनं परत करायचं. म्हणजे एक मण घेतलं तर सव्वा मण, दीड मण. शिवाय वेठ. खोताच्या घरची लाकडं फोडणं, गवत कापणं, निरोप पोहोचवणं, तेही फुकट. आणि हे सगळं सांगायला सोयीचा काळ कोणता? शेतीचं काम संपलेला. कूळ ‘रिकामं’ असलेला. म्हणजे हिवाळा.

निसर्गानं दिलेली सवड आणि माणसाची सवड यांत खोताचं खळं आडवं उभं होतं. पावसाळ्यातले कष्ट कुळाचे आणि थंडीतला आराम बऱ्याच अंशी खोताचा, अशी वाटणी होती. कुळाच्या घरी मार्गशीर्ष-पौषात धान्य यायचं आणि शिमग्यापर्यंत संपायला लागायचं. ज्याच्या घरात पुढच्या तीन महिन्यांचं भात नाही, त्याला कुणी ‘हिवाळ्यात जरा थांब’ असं सांगत नाही. तो लाकडं तोडायला जातो, मुंबईला जातो, मिठागरावर जातो.

डिसेंबरच का?

आता कुलाबा जिल्ह्याच्या काही तारखा ओळीनं ठेवून बघा. २५ डिसेंबर १९२७: महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखालच्या परिषदेत मनुस्मृतीचं दहन. डिसेंबर १९३०: पेण तालुक्यात कुलाबा जिल्हा शेतकरी परिषद. तिच्या पुढाऱ्यांत होते नारायण नागू पाटील आणि महाडच्या लढ्यात आंबेडकरांच्या बरोबर असलेले अनंतराव चित्रे. २७ ऑक्टोबर १९३३, म्हणजे भात कापणीच्या दिवसांत: अलिबाग तालुक्यातल्या चरी गावात सभा, आणि खोतांची जमीन कसायची नाही असा संप. डिसेंबर १९३४: चरीलाच शेतकरी परिषद, अध्यक्ष डॉ. आंबेडकर. जानेवारी १९३८: खोती रद्द करा म्हणत कोकणातल्या हजारो शेतकऱ्यांचा मुंबईत विधिमंडळावर मोर्चा.

सगळ्या तारखा कापणी ते संक्रांत या पट्ट्यातल्या. यामागे एक शहरी कारण आहे. नाताळात कोर्टं आणि कचेऱ्या बंद असायच्या, वकील आणि नोकरदार मंडळी मोकळी असायची. राष्ट्रीय काँग्रेसची अधिवेशनंही त्यामुळेच वर्षानुवर्षं डिसेंबरच्या शेवटी भरली. पण कुळाला नाताळची सुट्टी कुठली? त्याच्या बाजूनं बघितलं तर कारण साधं आहे. जुलैत लावणी सोडून कुणी सभेला जाऊ शकत नाही. जुलैत वाटाही निसरड्या आणि ओढे भरलेले. डिसेंबरात खाडीकाठची वाट कोरडी असते, रात्री उघड्यावर झोपता येतं, दोन भाकऱ्या बांधून वीस मैल चालत जाता येतं. जी सवड पोपटीला आणि यात्रेला होती, तीच सवड परिषदेला मिळाली. आगीभोवती बसून लोक भुताखेतांच्या गोष्टी सांगत, तसाच कधीतरी खोताच्या हिशेबाचाही विषय निघत असणार. कुणाकडून किती नेलं, कुणाच्या वहीत किती मांडलं, याची तुलना करायलाही निवांत वेळ लागतो. पळणाऱ्या माणसाला हिशेब तपासता येत नाही.

चरीचा संप सुमारे सहा वर्षं चालला. आसपासची पंचवीस गावं त्यात होती. जमीन पडीक राहिली. इथे एक गोष्ट नीट बघायला हवी. या गावांतल्या लोकांनी सहा वर्षं खोताची शेती केली नाही, म्हणून त्यांना विसावा मिळाला असं कुणी म्हणणार नाही. ते जंगलात लाकूडफाटा तोडून, तो विकून जगले, उपाशी राहिले. काम नसणं आणि विसावा असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विसावा म्हणजे पोटात अन्न असताना, उद्याची भीती नसताना मिळालेला वेळ. तो मिळावा म्हणून त्यांनी आपले सहा हिवाळे दिले.

याच काळात १९३७ मध्ये नारायण नागू पाटलांनी ‘कृषीवल’ हे वृत्तपत्र सुरू केलं. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला डॉ. आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. १९३९ मध्ये मुंबई प्रांताचा कूळ कायदा आला, स्वातंत्र्यानंतर १९४८ चा मोठा कूळ कायदा, १९४९ मध्ये खोती रद्द करण्याचा कायदा आणि १ एप्रिल १९५७ ला ‘कृषक दिन’, ज्या दिवशी कसणारी कुळं कायद्यानं जमिनीची मालक मानली गेली. अंमलबजावणीत पळवाटा होत्या, नोंदी नसलेली कुळं मागे राहिली. तरी पेण-रोह्यातल्या पुष्कळ घरांत पहिल्यांदा असं झालं की खळ्यावरचं भात खळ्यावरून थेट कणग्यात गेलं. आजीच्या काळातल्या निवांत थंडीच्या ज्या आठवणी तुम्ही घरात ऐकता, त्या बहुधा या कायद्यानंतरच्या आहेत. त्यांच्या पणजीची थंडी तशी नव्हती.

रिकाम्या महिन्यांची दोन उत्तरं

शेतकऱ्याच्या या ‘रिकाम्या’ महिन्यांकडे त्या काळातले मोठे लोक वेगवेगळ्या नजरेनं बघत होते. गांधीजींचं म्हणणं होतं की हिंदुस्थानातला शेतकरी वर्षातले निदान चार महिने बेकार असतो आणि तेच त्याच्या दारिद्र्याचं एक मोठं कारण आहे, म्हणून त्यानं त्या वेळात सूत कातावं. योगायोग असा की चरख्याचा सगळ्यात निष्ठावान साधक याच तालुक्यातला. विनोबा भावे ११ सप्टेंबर १८९५ ला पेण तालुक्यातल्या गागोदे गावात जन्मले. पुढे वर्ध्याजवळ नालवाडीला त्यांनी फक्त सूतकताईच्या मजुरीवर जगून पाहण्याचा प्रयोग केला. कातणाऱ्याला दिवसभराच्या कामातून जगण्यापुरतं तरी मिळतं का, हे त्यांना स्वतःच्या पोटावर तपासायचं होतं.

चरीच्या शेतकऱ्यांचं आणि आंबेडकरांचं उत्तर वेगळं होतं. शेतकऱ्याकडे वेळ फुकट जातो हा प्रश्न नाही, त्यानं पिकवलेलं दुसरा नेतो हा प्रश्न आहे. आधी पीक त्याच्या घरात राहू दे. मग थंडीत त्यानं सूत कातायचं, वाल पेरायचा, मुलाला शाळेत सोडायचं की पारावर बसायचं, ते त्याचं तो ठरवील.

हेच आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. १९४६ मध्ये कारखाने कायद्यात दुरुस्ती होऊन बारमाही कारखान्यांत कामाची मर्यादा आठवड्याला ४८ तास झाली. मुंबईच्या गिरण्यांत हा लढा पन्नासहून अधिक वर्षं चालला होता. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांतून १८९० मध्ये गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली, तोपर्यंत आठवड्याची ठरलेली सुट्टी अशी नव्हतीच. शेतातल्या कुळाला विसावा मिळाला तो जमिनीच्या कायद्यानं, गिरणीतल्या कामगाराला मिळाला तो तासांच्या कायद्यानं. दोघंही पुष्कळदा एकाच घरातले होते. धाकटा भाऊ गिरणीत, थोरला शेतावर.

ऋतू मिटवणारं पाणी

विसाव्याचं गणित बदलणारी आणखी एक गोष्ट रोह्याच्या बाजूनं आली. घाटावर मुळशीला टाटांनी धरण बांधलं. त्यात जमिनी जाणाऱ्या मावळातल्या शेतकऱ्यांनी सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली १९२१ पासून सत्याग्रह केला, पण धरण झालंच. त्याचं पाणी सह्याद्रीच्या कड्यावरून खाली भिऱ्याला आणून १९२७ पासून वीज तयार होऊ लागली, ती मुंबईच्या उद्योगांकडे आणि रेल्वेकडे गेली. वीज करून सुटलेलं पाणी कुंडलिका नदीत येतं. ऐन उन्हाळ्यातही कुंडलिका वाहती दिसते ती यामुळे. पुढे डोलवहाळला बंधारा घालून हे पाणी कालव्यांनी रोहा-माणगावच्या शेतांकडे वळवलं गेलं.

कालव्याखाली जमीन असलेल्याला दुसरं भात घेता येऊ लागलं. पहिली कापणी उरकते न उरकते तोच रोपवाटिका, संक्रांतीच्या आसपास पुन्हा चिखल, पुन्हा लावणी. पौष भाकड राहिला नाही. यात कुणाचं नुकसान झालं असं म्हणता येणार नाही. दुसऱ्या पिकानं पुष्कळ घरं सावरली, मुंबईला जाणारे काही पाय थांबले. पण वर्षाचा ताल बदलला. जिथे कालवा नाही तिथे थंडीत वाल आणि पोपटी, जिथे कालवा आहे तिथे थंडीत लावणी, असे एकाच तालुक्यात दोन हिवाळे तयार झाले.

मग कारखाने आले. रोह्याला धाटावची रासायनिक वसाहत, पेणजवळ डोलवीचा पोलाद कारखाना. पोलादाची भट्टी थंड करून चालत नाही, ती वर्षभर, रात्रंदिवस पेटलेली असते. तीन पाळ्यांच्या या जगात पौष आणि आषाढ यांत फरक नाही. पेणच्या गणपतीच्या कारखान्यांतही नाही. हमरापूर-जोहे भागात भाद्रपद संपला की पुढच्या वर्षाच्या मूर्तींची तयारी सुरू होते आणि थंडीची कोरडी हवा मूर्ती वाळायला चांगली असते. ज्या सवडीला आपण हिवाळा म्हणत होतो, ती आता साप्ताहिक सुट्टीच्या रकान्यात गेली. पोपटीही तिकडेच गेली. आता ती शनिवारी रात्री होते, फार्महाऊसवर होते, माणशी दर ठरवून होते. यात नाक मुरडण्यासारखं काही नाही. वेळ जिथे मिळाला तिथे माणूस आग पेटवणारच.

त्याच थंडीतली दुसरी आग

पण पेण-रोह्याच्या हिवाळ्याची गोष्ट सांगताना एक मोठा समाज बाहेर ठेवून चालणार नाही. या दोन्ही तालुक्यांच्या डोंगराकडेला कातकरी वाड्या आहेत. खैराच्या लाकडापासून कात काढणारे म्हणून कातकरी. ब्रिटिशांच्या जंगल कायद्यांनी तो धंदा हातून गेला, जमीन नावावर नव्हतीच, आणि खोतीनंतरच्या कूळ कायद्यातही त्यातल्या बहुतेकांच्या हाती काही आलं नाही, कारण त्यांची कूळ म्हणून नोंदच नव्हती.

वीट पाडायला पाऊस चालत नाही. कच्ची वीट उन्हात वाळावी लागते. त्यामुळे वीटभट्टीचा हंगाम नेमका तोच, जो इतरांच्या सवडीचा: दिवाळीनंतर ते पावसाच्या तोंडाशी. कोळशाच्या भट्ट्यांचंही तसंच. पावसाळ्यात हाताला काम नसताना मुकादमाकडून किंवा भट्टीवाल्याकडून उचल घ्यायची, आणि थंडी लागली की आख्खं कुटुंब भट्टीवर राहायला जायचं, ती फेडायला. वाड्यांमधली कितीतरी घरं बंद होतात. मुलांची शाळा मध्येच सुटते. वेठबिगार बंद करणारा कायदा १९७६ मध्ये झाला, पण उचलीचा हिशेब अजून वहीत असतो आणि वही कामगाराच्या हातात नसते.

पावसाळ्यात घेतलेलं थंडीत फेडायचं, ही गोष्ट ओळखीची वाटली ना? शंभर वर्षांपूर्वीच्या खावटीची रीत हीच होती. भाताच्या जागी रोख रक्कम आली आणि खळ्याच्या जागी भट्टी. जो हिवाळा कुळांनी लढून परत मिळवला, तो कातकऱ्याच्या वाट्याला अजून आलेला नाही. या भट्ट्यांतल्या विटा बांधकामांवर जातात. त्यातल्या एखाद्या इमारतीच्या उबदार खोलीत बसून कुणीतरी ‘थंडीत थोडं थांबावं’ असं वाचत असेल.

याची उत्तरं अवघड आहेत, पण अनोळखी नाहीत. महाराष्ट्रानं १९७७ मध्येच रोजगार हमीचा कायदा केला. काम मागणाऱ्याला आपल्या गावाजवळ काम मिळालं पाहिजे, ही त्यामागची कल्पना. ते काम पावसाळ्याच्या अखेरीला, उचल घेण्याची वेळ येण्याआधी वाडीवर पोहोचलं, तर मुकादमाला नाही म्हणता येतं. २००६ च्या वनहक्क कायद्यानं कसत असलेल्या वनजमिनीवर हक्क मागण्याची वाट दिली. दोन्ही कायदे त्याच जुन्या लढ्याच्या वाटेवरचे आहेत: माणसाला थंडीत आपल्या घरी राहता आलं पाहिजे.

थांबा, श्वास घ्या, हळू चला, हे सल्ले चुकीचे नाहीत. फक्त ते असं गृहीत धरतात की थांबणं हा ज्याच्या त्याच्या मनाचा प्रश्न आहे. पेण-रोह्याचा अनुभव तसा नाही. इथे मन तर सगळ्यांचंच होतं. कमी होतं ते कणग्यातलं भात, नावावरची जमीन, कामाच्या तासांची मर्यादा. ज्यांना या गोष्टी मिळाल्या त्यांना पोपटी कशी लावायची हे शिकवावं लागलं नाही.

या थंडीत दिवा-रोहा गाडीनं तुम्ही या बाजूला आलात, तर पेणच्या पुढे खिडकीतून कापलेली शेतं दिसतील, त्यांत वालाची हिरवी रोपं आणि संध्याकाळी कुठेतरी धुराची रेघ. ती पोपटीची असेल किंवा भट्टीची. लांबून दोन्ही सारख्याच दिसतात. गाडी पुढे रोह्याला पोहोचते. तिथे उतरून कुणाला विचारलंत, तर कुठली आग कुणाची हे सांगायला माणूस सहज भेटेल.